बेस शिकायचा, तर आधी तो ऐकू यायला हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की वर्तमानपत्रांतून छंदवर्गांची माहिती येऊ लागते. तबला, पेटी, की-बोर्ड, गिटार ही नावे त्यात असतात. बेस गिटारचे, म्हणजे गाण्याला खालच्या स्वरांचा पाया देणाऱ्या चार तारांच्या गिटारचे, क्वचितच. तरीही हे वाद्य शिकू पाहणारी मुले-मुली गावोगाव आहेत. कॉलेजचे बँड, युवा महोत्सवातल्या पाश्चात्त्य समूहगीताची साथ, वसई-गोव्याकडचे चर्चमधले गायनवृंद, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, सगळीकडे बेसवादक हवा असतो. या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता कोर्स लावू? इंटरनेटवर बेसचे धडे जन्मभर पुरतील इतके आहेत आणि त्यातले पुष्कळ फुकट आहेत. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. गाण्यात बेस काय करतो आहे आणि आपण स्वतः काय वाजवतो आहोत, हे बहुतेक नवशिक्यांना नीट ऐकूच येत नाही. शिकण्याची साधने निवडताना हा मुद्दा सर्वांत आधी लक्षात घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा लावतात. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे 41, 55, 73 आणि 98. म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची, वाद्याच्या दांडीवरची, धातूची आडवी पट्टी) गेले तरी मूळ स्वर 196 हर्ट्झच्या वर जात नाही. मोबाइलचा चिमुकला स्पीकर साधारण तीन-चारशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने दुबळा होतो. त्यातून येतात ते बेसचे वरचे उपस्वर. पायाचा स्वर येतच नाही. अशा स्पीकरवर गाणे ऐकून बेस बसवायला घेतला, तर मुलगा गिटारच्या खालच्या तारा किंवा गायकाची चाल वाजवू लागतो आणि त्यालाच बेस समजतो. लॅपटॉपची गत फार वेगळी नाही. म्हणून पहिली खरेदी कान झाकणाऱ्या, वायरच्या हेडफोनची करावी. वायरवर भर देण्याला कारण आहे. ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला बहुधा 100 ते 200 मिलिसेकंद उशीर होतो. 100 च्या लयीत एक मात्रा 600 मिलिसेकंदांची, तिचा चौथा हिस्सा 150 चा. आपण तार छेडली आणि स्वर पाव मात्रा उशिरा कानात आला, तर लयीचा रियाज करणे अशक्य आहे. नुसते ऐकायला ब्लूटूथ चालेल; वाजवताना नाही.

घरी मोठा ॲम्प (वाद्याचा आवाज वाढवणारे यंत्र) नसला तरी बिघडत नाही. बेसच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा छोटा हेडफोन ॲम्प मिळतो. त्यात मोबाइलवरचे गाणे वायरने सोडायची सोय असेल असाच घ्यावा. संगणक असेल तर वाद्य त्याला जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, त्याहून चांगला, कारण त्यावर रेकॉर्डिंगही होते. मात्र बेस इंटरफेसच्या ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेल्या इनपुटलाच जोडावा. साध्या लाइन इनपुटला जोडला तर पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या चुंबकाचा, आवाज दबलेला आणि मातकट येतो, आणि दोष बिचाऱ्या वाद्याला दिला जातो. साध्या गिटारच्या ॲम्पवर हळू आवाजात वाजवायला हरकत नाही; मोठ्याने वाजवल्यास स्पीकरचा कागद मर्यादेबाहेर हलून फाटू शकतो. ड्रमरबरोबर वाजवायचे तर 200 ते 300 वॉटचा बेस ॲम्प लागतो. तो विकत घेण्यापेक्षा तासावर मिळणारी सराव-खोली परवडते. आणखी एक सावधगिरी: तारांना हात लागताच गुणगुण कमी झाली तर काळजी नको, पण तारांना किंवा माइकला हात लागून झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी वीज बंद करून आधी अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून काम भागवायची सवय जिवावर बेतू शकते.

आता वाद्याकडे. नवा बेस दुकानातून जसा येतो तसाच शिकायला वापरला, तर तीन महिन्यांत बोटे दुखून शिकणे सुटते. कोर्सवर पैसे खर्च करण्याआधी वाद्याचा सेटअप करून घ्यावा, हे माझे ठाम मत आहे. सेटअप म्हणजे काय ते पालकांनाही कळावे म्हणून सांगतो. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे खोडाला मिळतो तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धरावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे 0.3 मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट मोठी असेल तर नेकच्या आतला ट्रस रॉड (बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने फिरवतात, फट नसेलच तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. मग तारा पुन्हा सुरात लावून थांबायचे आणि परत पाहायचे. किल्ली जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच सोडावे आणि जाणकाराकडे जावे, कारण मोडलेला रॉड दुरुस्त करणे नव्या स्वस्त बेसइतके महाग पडू शकते. नेक जागेवर आल्यावर मग ब्रिजच्या सॅडलने, म्हणजे खोडाच्या बाजूला तार जिथे टेकते त्या तुकड्याने, तारांची उंची ठरते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटर ही नवशिक्यासाठी चांगली सुरुवात. सर्वांत शेवटी स्वरांची जुळणी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट हलके टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर एकच यायला हवा. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे घ्यावे, उतरा आला तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळे काम दोनदा करावे लागते. नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच असतील तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार जड लागते आणि स्वर चढतो. ते कानस लावायचे काम मात्र घरी करू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पिते आणि नेकचा बाक बदलतो. जूनच्या आधी ठीक वाजणारा बेस ऑगस्टमध्ये खरखरू लागला तर तो बिघडला असे नाही. वरची तपासणी पुन्हा करावी. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने वरून आणि खालून पुसाव्यात, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. बेसला 9 व्होल्टची बॅटरी असेल, म्हणजे तो ॲक्टिव्ह असेल, तर वाजवणे संपताच केबल काढावी. केबल आत असेपर्यंत सर्किट चालू राहते आणि बॅटरी रात्रीतून उतरू लागते. बॅटरी उतरली की आवाज फाटतो; पुष्कळजण तेव्हा पिकअप बदलायला निघतात.

सुरात लावण्यासाठी मोबाइलवरचे फुकट ट्यूनर पुरतात, पण सर्वांत जाड ई तार त्यांच्या माइकला नीट सापडत नाही, काटा भरकटतो. बाराव्या फ्रेटवर बोट हलके टेकवून हार्मोनिक वाजवला की 82 हर्ट्झचा स्वच्छ स्वर येतो आणि काटा स्थिरावतो. तार नेहमी खालून वर चढवत आणावी. वरून उतरवत आणली तर खुंटीत ढिलाई राहते आणि दोन मिनिटांत ती आणखी उतरते.

मुलींना किंवा लहान हातांना बेस झेपत नाही, असे अजूनही ऐकू येते. मुंबईत वाढलेल्या बेसवादक मोहिनी डे यांचे वादन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचे उत्तर देण्याची गरज नाही. अडचण मात्र खरी आहे आणि ती मोजता येते. 34 इंची (हे माप मोकळ्या तारेच्या लांबीचे) बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे 130 मिलिमीटर भरते. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर ते 97 च्या आसपास असते. गिटारच्या सवयीने एका फ्रेटला एक बोट ठेवायला गेले की मनगट वाकडे होते आणि दुखणे सुरू होते. त्यावर उभ्या डबल बेसवाल्यांची जुनी तोड आहे: पाचव्या फ्रेटच्या अलीकडे तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच वापरायची, अनामिका करंगळीला आधार देते. तीन फ्रेट हाताच्या आवाक्यात, चौथ्यासाठी पूर्ण हात सरकवायचा. पाचव्याच्या पुढे चारही बोटे सुखाने बसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 30 इंची बेस घ्यावा. त्यात तेच अंतर 114 मिलिमीटरवर येते. फ्रेटच्या अगदी मागे दाबले तर निम्मा जोर लागतो. आणि जोराने छेडण्यापेक्षा ॲम्पचा आवाज वाढवून हलके छेडावे. मनगटात किंवा कोपराखाली कळ आली तर त्या दिवशी थांबावे. ती ‘सवय होते’ म्हणून सोसायची गोष्ट नाही.

उजव्या हाताच्या तर्जनी-मधल्या बोटाची आलटापालट पहिल्या दिवसापासून काटेकोर ठेवावी. बोट तार छेडून पुढच्या जाड तारेवर विसावले पाहिजे. त्याने आवाज भरीव येतो आणि ती तार आपोआप गप्प राहते. न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणे ही निम्मी कला आहे आणि नवशिक्यांच्या धड्यांत तिला फार कमी जागा मिळते. जी तारेवर वाजवताना ई आणि ए मागे घुमत राहतात, खोलीत ते जाणवत नाही, हेडफोनवर लगेच कळते. अंगठा पिकअपवर खिळवून न ठेवता हात बारीक तारांवर गेला की जाड तारेवर टेकवावा. बोटांनी वाजवावे की पिकने (तार छेडायच्या पातळ तुकड्याने), यावर तरुण मंडळी तावातावाने वाद घालतात. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने वाजवत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरोल के पिकने वाजवत. दोघांचेही काम आजवर अभ्यासले जाते. सुरुवात दोन बोटांनी करावी, पिक पुढे शिकावा.

कोर्सचे म्हणाल तर एकच निवडावा आणि तो शेवटपर्यंत न्यावा. ‘स्टडीबेस’ हे संकेतस्थळ फुकट आहे, धडे क्रमाने लावलेले आहेत आणि मजकूर सोप्या इंग्रजीत आहे. सावकाश वाचत शिकणाऱ्याला ते चांगले. व्हिडिओ पाहून शिकायचे असेल तर ‘बेसबझ’ आणि ‘टॉकिंगबेस’ यांचे यूट्यूबवरचे फुकट धडे आहेत. पुढचे सविस्तर वर्ग पैसे भरून घेता येतात. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि रॉकस्कूल यांच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडेही देता येतात. परीक्षा द्यायची नसली तरी त्यांची पुस्तके घ्यावीत असे मी सुचवेन. गाणी अवघडपणाच्या क्रमाने लावलेली असतात आणि बेसशिवायचा साथीचा ट्रॅक बरोबर मिळतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे कळते. धोका आहे तो एका संध्याकाळी पाच शिक्षकांचे पाच व्हिडिओ पाहण्याचा. स्लॅपचे (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचे) वेगवान व्हिडिओ मोहात पाडतात, पण बँडमध्ये बसणाऱ्याला पहिले वर्षभर त्यातले काहीच लागत नाही.

आपल्या मुलांजवळ एक मोठी शिदोरी आधीच असते: सरगम. बेसच्या तारा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर, सा ते शुद्ध म एवढ्या लावलेल्या असतात, म्हणून एकदा शिकलेला आकार नेकवर कुठेही नेता येतो. जिथे सा पकडला, त्याच्या शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे प, आणि आणखी एक तार ओलांडून त्याच फ्रेटवर तार सप्तकातला सा. मंद्र प हवा असेल तर शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला. एवढ्या तीन-चार जागांवर असंख्य गाण्यांची साथ उभी राहते. कॉर्ड मेजर की मायनर, याचा अर्थ शुद्ध ग की कोमल ग. तानपुऱ्याचे फुकट ॲप सा-प वर लावून त्यावर हे स्वर एकेक करून धरावेत. स्वरांतर कानात बसवायचे इतके चांगले साधन पाश्चात्त्य धड्यांत मला आढळत नाही. सोबत जागांची नावेही पाठ हवीत. रोज एकच स्वर घ्यावा. उदाहरणार्थ सी: ई तारेवर आठवा फ्रेट, ए वर तिसरा, डी वर दहावा, जी वर पाचवा. बारा दिवसांत सगळे बारा स्वर होतात, मग पुन्हा पहिल्यापासून.

लयीचेही तसेच. मेट्रोनोम 80 वर लावून प्रत्येक मात्रेला टिक ऐकत वाजवणे ही पहिली पायरी. आठवड्याभराने तोच मेट्रोनोम 40 वर आणावा आणि त्याची टिक दुसरी आणि चौथी मात्रा मानावी. पहिली आणि तिसरी आपण स्वतः सांभाळायची. इथे बहुतेकांची लय पळते, आणि ती पळते हे कळणे हाच लाभ. तबल्याच्या ॲपवर केरवा किंवा दादरा लावून सुरुवातीला फक्त समेवर सा वाजवावा, बाकी मात्रा मोकळ्या. केरव्यात पाचव्या आणि दादऱ्यात चौथ्या मात्रेवर मंद्र प घातला की साथीचा सांगाडा तयार होतो. स्वर कधी सुरू होतो इतकेच कधी थांबतो हेही मोजावे. पाश्चात्त्य ठेक्यात स्नेअर ड्रमचा ठोका पडताना बेस थांबला तर गाणे उसळते, लांबत राहिला तर चिखल होतो.

गाणी बसवणे हा खरा अभ्यास. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. गाण्यातल्या चारच ओळी निवडून पुन्हा पुन्हा वाजतील अशा लावाव्यात, ‘चेंज टेम्पो’ने वेग पाव हिस्सा कमी करावा, आणि ‘चेंज पिच’ने सगळेच 12 सेमिटोन, म्हणजे एक सप्तक, वर न्यावे. गायकाचा आवाज विचित्र होईल, पण बेस गिटारच्या पट्टीत येऊन लख्ख ऐकू येईल. मग वाद्याला हात न लावता ती ओळ आधी गळ्यातून म्हणावी. गळ्यात आली नाही तर बोटांत येत नाही. त्यानंतर ठेका टाळीने, आणि मगच तारा. यूट्यूबवर वेग 0.75 करायची सोय आहे, तीही कामाची, 0.5 वर आवाज फुटून बेस पसरतो. गाण्यातून बेस वेगळा काढून देणारी ‘मोइसेस’ (Moises) सारखी ॲप्स आता आली आहेत. चांगली मदत होते, पण आपल्या गाण्यांत डग्ग्याची घुमार बेसच्या ट्रॅकमध्ये मिसळू शकते आणि तिची मींड बेसने घेतली असे वाटते. शंका आल्यास मूळ गाणे ऐकावे. जुन्या ध्वनिमुद्रणांची पट्टी कधीकधी दोन स्वरांच्या मध्येच असते. तारा उतरवत बसण्यापेक्षा गाण्याचीच पट्टी सॉफ्टवेअरमध्ये किंचित हलवावी. आंतरजालावरच्या टॅबवर (तार आणि फ्रेट आकड्यांत दाखवणाऱ्या लेखनावर) विसंबू नये. बऱ्याच टॅबमध्ये स्वराची लांबी लिहिलेलीच नसते आणि चुका भरपूर असतात. आपण बसवलेले तपासण्यापुरता टॅब बघावा, आधी नाही.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकावे की नाही? शिकावे. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईच्या स्टुडिओंतून गोव्याचे इतके वादक होते, त्यामागे गोव्यातल्या पॅरिश शाळांत लहानपणी गिरवलेले सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वर नावांनी गाण्याचा सराव, होते. समोर कागद आला की ते वाजवू शकत. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस हेडफोन लावून ऐकावा. मोबाइलच्या स्पीकरवर हरवणारे केवढे काम त्यात आहे ते समजेल. बेसचे नोटेशन बेस क्लेफमध्ये (खालच्या स्वरांसाठीच्या चिन्हाने) लिहितात आणि वाजते त्याहून एक सप्तक वर लिहितात, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. ‘म्युझस्कोअर’ फुकट आहे. बसवलेल्या चार ओळी रोज त्यात उतरवल्या तर लिहिणे-वाचणे दोन्ही होते, कारण लिहिलेले ते वाजवूनही दाखवते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते. गोव्यातल्या मुलांनी तिथे चौकशी करावी.

रोज चाळीस मिनिटे पुरेत: पाच सुरात लावायला आणि मोकळ्या तारांवर, दहा स्वरांना, दहा मेट्रोनोमला, पंधरा गाण्याला. आठवड्यातून एकदा साथीच्या ट्रॅकबरोबरचे वादन रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले तर हाताला जे वाटले तेच कानाला ऐकू येते.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. छंदवर्गांची माहिती छापताना बेस शिकवणाऱ्यांची आणि तासावर मिळणाऱ्या सराव-खोल्यांची जिल्हावार नोंद द्यावी. ज्या महाविद्यालयांत आणि मंडळांत ड्रमसेट धूळ खात पडला आहे, त्यांनी त्याच्या शेजारी एक सेटअप केलेला बेस, एक ॲम्प आणि वायरचे दोन हेडफोन ठेवावेत. ड्रम वाजवणारा आणि बेस शिकणारा आठवड्यातून दोनदा तासभर तिथे बसले, बाकी कोणी नसले, तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक बेस गिटार शिक्षक,
ठाणे